डब्यातली चूल

स्वातंत्र्य म्हणजे काय, हे माणसाला आयुष्यात एकदाच आणि अवचित कळतं. मला ते मिरज रस्त्यावरच्या चौगुल्यांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये कळलं. ते फायबरचं होतं, पांढरं होतं, आणि त्याचं एक चाक अजून बसायचं होतं.

"सर, आत तर जा," चौगुले म्हणाले. "विटेवर पाय द्या. हलत नाही ती."

वीट हलली. मी आत पडलो तो थेट गादीवर. गादी ऐसपैस होती. डोक्याशी खिडकी, खिडकीला जाळी, पायाशी एका शेगडीचा ओटा, ओट्याखाली पाच किलोच्या सिलिंडरची जागा. आणि दार. खरंखुरं, बिजागरीचं दार, आतून कडी असलेलं. मी उठून ती कडी दोनदा लावली आणि काढली.

"ह्यात एक संसार उभा राहतो," बाहेरून चौगुले म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा जाहिरात समजून सोडून दिलं.

आमचा आधीचा ट्रेलरही चौगुल्यांनीच केलेला. गाडीला मागे जोडायची एक पत्र्याची पेटी. मुक्कामाला पोचलं की पेटीचं झाकण उलटं पाडायचं, नळ्या ओढायच्या, आणि आतून ताडपत्रीचा तंबू उभा राहायचा. झोपायची फळी वर, चढायला शिडी. दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम, असं चौगुल्यांनी सांगितलं होतं. ती दोन माणसं नवराबायको नसावीत, हे सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्ही एकमेकांना जे बोलायचं टाळलं होतं, ते सगळं त्या तंबूचे दोर ओढताना बोलून घेतलं.

तो ट्रेलर आम्ही हौसेने घेतला नव्हता. आमचं मूळ घर कोकणात, नाटवणे गावच्या साटमवाडीत. माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी तिथे राहतात. आम्ही सांगलीला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. वर्षभर आम्ही कुठेही असलो तरी गणपतीला साटमांचं झाडून सगळं खानदान त्या एका घरात. सगळ्यांचा गणपती एकच. झोपायला ओटीपासून माजघरापर्यंत सतरंज्या, आणि सतरंज्यांवर माणसं, टोपलीत बांगडे लावतात तशी. एका वर्षी पहाटे जाग आली तेव्हा माझ्या छातीवर एक पाय होता, आणि तो कुणाचा हे नाष्ट्यापर्यंत ठरलं नाही. म्हणून अंगणात तंबू. तंबूला कुणाची हरकत नव्हती. तंबू म्हणजे पोरखेळ, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

मग शैलाची कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर झोपायचं नाही, शिडी चढायची नाही, वाकायचं नाही. म्हणजे सतरंजीही गेली आणि तंबूही गेला.

"मी राहते घरी," शैला म्हणाली. "तू जा एकटा."

"आणि वहिनींनी विचारलं तर?"

"सांग कंबर दुखते."

"मग त्या म्हणणार, आमच्याकडे काय कंबर दुखायला जागा नाही?"

"लॉजवर राहू."

आमच्या वाडीत गणपतीत भावाचं घर सोडून तालुक्याच्या लॉजवर झोपलेला माणूस आजवर एकच झाला. त्याचं नाव आता कुणी घेत नाही. आणि एक वर्ष गणपती चुकला की दुसऱ्या वर्षी चुकवायला सोपा जातो, हे मी वाडीतल्या दोन-तीन घरांचं बघितलं होतं. मला तो एक गणपती सोडायचा नव्हता. शैलालाही नव्हता. तेव्हा नीट लक्षात घ्या : आम्हाला घरात राहायचं होतं, म्हणून आम्ही घराबाहेर झोपायची सोय करत होतो. हे वाक्य मी पुढे बऱ्याच लोकांना समजावून सांगितलं. कुणालाही समजलं नाही.

जुना ट्रेलर चौगुल्यांना दिला, चाक बसेपर्यंत थांबलो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते पांढरं स्वातंत्र्य गाडीमागे बांधून घाट उतरलो. ही कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, लहानशी, गाडीपेक्षा जेमतेम उंच. पण साटमवाडीत शिरलो तेव्हा असा जमाव मागे लागला की एका म्हातारीने पालखी समजून हात जोडले.

अंगणात फणसाखाली ती उभी केली. चाकांना दगड लावतोय तोवर गोपाळतात्या आले. तात्या म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. वाडीत जे काही ठरतं ते तात्यांच्या तोंडून बाहेर पडल्याखेरीज ठरलं असं होत नाही.

"काय रे रमाकांत, ह्या काय हाडलंस?"

"कॅराव्हॅन, तात्या."

"डबो," तात्या म्हणाले, आणि पुढे तेच नाव पडलं. "ह्यात निजतलास?"

"होय. शैलाची कंबर..."

"कडी आतसून लागता?"

"लागते."

तात्यांनी कडी लावून बघितली. मग ते आत गेले. त्यांनी गादी दाबली, खिडकी सरकवली, आणि ओट्यापाशी थांबले.

"ह्या काय?"

इथे मी एक व्याख्यान दिलं. ते नको द्यायला होतं, पण मास्तर माणसाला वस्तू दाखवून गप्प बसता येत नाही. मी शेगडी पेटवून दाखवली. सिलिंडर दाखवला. पातेली कशी अडकतात, गाडी वळली तरी कशी पडत नाहीत, तेही दाखवलं. दाराशी जमलेल्या मुंबईच्या पुतण्यांनी मोबाईल चार्ज होतो का हे विचारलं, आणि होतो म्हटल्यावर तिथे वायरींचं जाळं झालं. वहिनी तेवढ्यात पदराला हात पुसत आल्या, आत डोकावल्या, आणि गादीच्या कडेला पुरता श्वास घेण्याइतक्या टेकल्या.

"किती शांत आहे गं आत," त्या शैलाला म्हणाल्या.

बाहेर चाळीस माणसं बोलत होती. पण खरंच, दार लोटलं की आवाज बुजायचा.

दादा मात्र ओटीवरच होता. त्याने तिथूनच विचारलं, "चूल पण आहे म्हणे त्यात?"

"शेगडी आहे, दादा."

"तेच ते," दादा म्हणाला.

त्या रात्री शैला कूस न बदलता झोपली. पाऊस पत्र्यावर नाही, फायबरवर पडत होता. त्याचा आवाजही सभ्य होता. मी झोपताना मनात म्हटलं, झालं, जमलं. हेच मी कॉलेजात संविधान शिकवताना म्हणायचो आणि पुढच्याच तासाला घटनादुरुस्ती यायची.

चतुर्थीच्या पहाटे आम्ही पुरुष मंडळी गणपती आणायला शाळेत गेलो. आमच्याकडे मूर्ती रंगवतात त्या मांडवाला शाळा म्हणतात. पाट डोक्यावर घेऊन, छत्री मूर्तीवर धरून आणि स्वतः भिजून आम्ही परत आलो तेव्हा उजाडलं होतं. तात्यांचे गुडघे धरल्यामुळे ते आले नव्हते. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, अशा जागी की समोर घर आणि उजवीकडे डबा. मूर्ती आत गेली. तात्यांनी दादाला बोटाने बोलावलं आणि कानाशी काही सांगितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी हसलो. तो हसला नाही.

मला वाटलं, मूर्तीचा रंग त्याला आवडला नसेल.

मग मुंबईचा जयवंत, माझा चुलत पुतण्या, बँकेत आहे, तो जवळ आला.

"काका, बरं केलंत," तो हळूच म्हणाला. "कधीतरी करायचंच होतं. कलमं कुणाकडे गेली?"

"कसली कलमं?"

"आंब्याची. का अजून ठरायचंय?"

मी त्याला म्हटलं, तुझ्या बोलण्याला शेंडाबुडखा नाही. तो समजूतदारपणे मान हलवून गेला. थोड्या वेळाने भटजी आले. त्यांनी देवापुढे मांडायचे नारळ मोजायला घेतले. वाडीतली रीत अशी की चुलीगणिक एक नारळ. ज्याची चूल वेगळी, त्याचा नारळ वेगळा.

"दोन ना?" भटजींनी दादाला विचारलं.

"दोन," दादा म्हणाला.

मी हे ऐकलं. पण दुसरा नारळ फुटला-नासला तर म्हणून असेल, असं मला वाटलं. सुशिक्षित माणसाला सगळ्याची कारणं लगेच सुचतात, हा त्याचा मोठा तोटा.

पूजा झाली. आरत्या झाल्या. मग गाऱ्हाणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : आमच्याकडे देवाशी प्रत्येकाने आपापलं बोलायची पद्धत नाही. भावकीतला वडीलधारा सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा 'व्हय' म्हटलं की ते सगळ्यांचं झालं. वाडीत खरेदीखतापेक्षा गाऱ्हाण्याला वजन जास्त.

तात्या उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज साटमांच्या घरात जी काय तुझी सेवा केली असा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"मुंबयक असत, पुण्याक असत, जे कोण चाकरमानी तुझ्या पायाकडे इले असत, तेंका सुखरूप ठेव."

"व्हय म्हाराजा."

"पोरांक नोकऱ्या मिळानत. पोरींची लग्ना होवंदेत."

"व्हय म्हाराजा."

"आणि आज आमचो रमाकांत वेगळो झालो. तेणा आपली चूल वेगळी मांडल्यान. तेच्या चुलीक बरकत दी, आणि दोनय घरांत तंटो येव देव नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, कारण तोवर लय लागलेली असते.

माझ्या शेजारून शैलाने माझ्याकडे मान वळवली, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्त.

वर्गात मी मुलांना शिकवत आलो होतो की ठराव न वाचता हात वर करणं हा लोकशाहीचा मृत्यू आहे. इथे मी माझ्याच वाटणीचा ठराव, देवासमोर, भावकीच्या साक्षीने, एकमताने मंजूर करून मोकळा झालो होतो.

"तात्या, एक मिनिट," मी म्हटलं. "मी वेगळा झालेलो नाही."

"आता देवाक सांगलंय," तात्या म्हणाले. "तू व्हय म्हटलंस."

"चुकून म्हटलं."

"मी ऐकलंय," दादा म्हणाला. पहाटेपासून त्याचं माझ्याशी हे पहिलं वाक्य.

मग नैवेद्य, मग पंगती, आणि पंगतीत मला लक्षात आलं की मला पाहुण्यांच्या ओळीत बसवलंय. मोदक आग्रहाने वाढत होते. आपल्या माणसाला आमच्याकडे आग्रह करत नाहीत. मी दादाच्या ताटाकडे बघितलं. त्याच्या पानात मोदक तसाच होता.

जेवण झाल्यावर मी शैलाला डब्यात गाठलं.

"काय झालं सकाळी?"

"कुठे काय?"

"तात्या म्हणतात, पहाटे इथे शेगडी पेटली होती. खिडकीवर वाफ होती. आल्याचा वास अंगणभर आला. घरात चूल पेटलेली असताना तू अंगणात चहा केलास?"

शैला ओट्यावरचं पातेलं पुसत राहिली.

"शैला, ही काय पाचगणीची सहल आहे? आपल्याकडे एका अंगणात दोन चुली म्हणजे काय ते तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग कशाला केलास?"

"मी कधी म्हटलं, मी केला?"

"मग काय चहा आपोआप झाला?"

"रमाकांत, ह्यातलं मी तुला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुला ओरडायचं असेल तर ओरड. दार लाव म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही."

मी दार लावलं, पण मग ओरडवेना.

माझा संताप तेव्हा नेमका कुणावर होता, ह्याची मी मनात वर्गवारी केली. एक, तात्यांवर : ज्यांनी एका वाफेवरून घर फोडलं. दोन, दादावर : ज्याने मला विचारायच्या आधी नारळ मांडला. तीन, त्या ताडपत्रीच्या तंबूवर : जो आम्ही इतकी वर्षं ह्याच फणसाखाली ठोकला आणि ज्याला कुणी कधी घर म्हटलं नाही. कापडाला चेन असते तोवर तुम्ही घरचे. दाराला कडी आली की परके. माणसाने आपल्या माणसांत राहायचं तर कंबर मोडून राहावं, असा ह्याचा अर्थ होत होता, आणि तो कुणीही तोंडाने उच्चारत नव्हतं.

संध्याकाळच्या आरतीनंतर ओटीवर भावकी बसली. मीच बसवली. मी म्हटलं, ह्याचा आजच निकाल लागू दे.

"निकाल कसलो?" तात्या म्हणाले. "झाला ता झाला. वेगळा होवक काय कमीपणा नाय. माका तर उशीरच वाटला."

"पण मी वेगळा झालेलो नाही, तात्या."

"चूल पेटली का नाय?"

"पेटली असेल."

"घरात चूल होती का नाय?"

"होती."

"मगे?"

आता ह्याला उत्तर काय द्यायचं. मी कंबरेपासून सुरुवात केली. मणक्याची रचना सांगितली. जयवंतने मध्येच त्याच्या साहेबांच्या मणक्याचं सांगितलं आणि चर्चा दहा मिनिटं मुंबईच्या इस्पितळांवर गेली. ती परत आली तेव्हा दादा बोलला.

"मला त्या डब्याचं काही नाही," दादा म्हणाला. तो माझ्याकडे नाही, अंगणाकडे बघत होता. "झोपायचं तर झोपा. पण आज. चतुर्थीला. मी गणपती डोक्यावर घेऊन येतोय आणि माझ्या दारात दुसरी चूल. आई गेली तेव्हा तू म्हणाला होतास, दादा, तुझं घर तेच माझं घर. आमचा चहा गोड लागला नसेल, तर तसं सांगायचं होतंस."

"दादा, अरे..."

"पुढच्या वर्षी तुझा गणपती तू आण," दादा म्हणाला. "डब्यात जागा आहे की."

वेगळा गणपती आणणं म्हणजे ह्यापुढे ह्या घरात आरतीला पाहुणा म्हणून उभं राहणं. आम्ही ज्याच्यासाठी तो डबा ओढत घाट उतरलो होतो, तेच डब्याने ओढून नेलं होतं.

शैला माजघराच्या दाराशी बायकांत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती, ओठ घट्ट मिटून. आणि तिच्या बाजूला वहिनी होत्या. त्यांच्या हातात पंचामृताची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. गणपतीच्या दिवसांत मी वहिनींना उभं राहून बोलताना फार कमी बघितलंय. त्या नेहमी कुठून तरी कुठे तरी जात असतात.

"चाय मिया केलंय," वहिनी म्हणाल्या.

"काय?" दादा म्हणाला.

"डब्यात जावन. मियाच केलंय, आणि मियाच पियालंय." मग त्या शैलाकडे बघून, तिला कळावं म्हणून की काय, नेहमीच्या मराठीत म्हणाल्या, "हिने अर्धा कप घेतला, मी म्हटलं म्हणून."

तात्यांनी कानामागे हात धरला. "कोणी केल्यान?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही शाळेत गेला होतात. नारळ खवून झाले होते. पीठ उकडायला ठेवलं होतं. मला वाटलं, पाच मिनिटं बसावं. तर बसायला जागा बघत होते. ओटीवर माणसं, माजघरात माणसं, पडवीत माणसं. मग हिच्याकडे गेले. दार लावलं. कडी पण लावली."

जयवंतने अंगणातल्या डब्याकडे मान वळवली.

"लग्न होऊन आल्यापासून चतुर्थीला मी बसून चहा प्यायलेले नाही," वहिनी म्हणाल्या. "कसा लागतो ते बघायचं होतं."

आता खरा पेच पडला. मी राज्यशास्त्राचा माणूस, मला तो लगेच दिसला. बाकीच्यांना थोडा वेळ लागला. शेगडी घरच्याच थोरल्या सुनेने पेटवली असेल तर चूल वेगळी नव्हती. मग मी वेगळा नव्हतो. पण मग दुपारचा नैवेद्य, एकवीस मोदकांसकट, अशा बाईच्या हातचा होता जिने पूजेआधी चहा घेतला होता. आमच्याकडे नैवेद्य रांधणारी बाई देवाचं होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. शैला दिवसभर तोंड मिटून का होती ते मला तेव्हा कळलं. ती गप्प राहिली तर आमचं घर मोडणार होतं. बोलली असती तर वहिनींचं सोवळं मोडणार होतं.

दादासमोर दोन वाटा होत्या : एकीत भाऊ जात होता, दुसरीत नैवेद्य.

तात्यांनी गुडघे चोळले. मग त्यांनी वहिनींना विचारलं, "कोरी होती?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "दूध घातलं होतं."

"कोरी चाय म्हणजे पाणीच," तात्या ओटीला उद्देशून म्हणाले. "पाण्यान सोवळा मोडणा नाय."

"तात्यानू, दूध होतं," वहिनी म्हणाल्या. "साखर पण होती. दोन चमचे."

"माका कमी ऐकाक येता," तात्या म्हणाले. "कोरी म्हणाली ना ती?"

"कोरी म्हणाली," जयवंत म्हणाला.

"कोरीच," आणखी दोघे म्हणाले.

मी वहिनींकडे बघितलं. त्या आता दादाकडे बघत होत्या. दादा अंगणाकडे बघत होता. मग तो म्हणाला, "कोरीच असेल. घरात पहाटे दूध कमीच होतं."

वहिनींनी पंचामृताची वाटी उचलली. त्या वाटीतही दूध होतंच. त्या आत गेल्या. शैला त्यांच्यामागून गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की दुधाच्या बाजूने निदान मी तरी काही बोलावं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तात्या उठले आणि सगळे हात जोडून देवासमोर उभे राहिले, आणि त्या गर्दीत मीही उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, दुपारी जा काय सांगलंय, ता नजरचुकीन सांगलंय. साटमांची चूल एकच असा."

"व्हय म्हाराजा."

"रमाकांत वेगळो झालो नाय."

"व्हय म्हाराजा."

"घरातल्या बायेन कोरी चाय पियाली, तेचो राग मानू नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. ह्या खेपेला मी फक्त ओठ हलवले. आवाजात फरक पडला नाही.

दुसरा नारळ भटजी घेऊन गेले. रात्रीच्या पंगतीत मला कुणीही आग्रह केला नाही. एक मोदक जेमतेम पदरात पडला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा मागितलाही नाही. दादा झोपायला जाताना डब्यापाशी थांबला. त्याने छपराला हात लावून बघितला. "गळत नाही ना?" म्हणाला. मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला आणि गेला.

वहिनी उरलेले दिवस रोज पहाटे डब्यात येत होत्या. कडी लावत. मी तेवढा वेळ ओटीवर जाऊन बसायचो. तात्या आपली खुर्ची दुसऱ्या तोंडाने लावायचे.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी कॅराव्हॅनच्या चाकांचा आस तुटला. चौगुले म्हणाले, दिवाळीपर्यंत सर. आम्ही नुसत्या गाडीने गेलो. शैलाने वाटेत तीनदा विचारलं, झोपायचं कसं. मी तीनदा म्हटलं, बघू.

संध्याकाळी वहिनींनी तिला माजघराच्या मागच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत आम्ही सगळे दरवर्षी आल्या आल्या बॅगा टाकतो. बॅगांचा ढीग छातीपर्यंत होता. वहिनींनी एकेक उचलून भिंतीशी लावायला सुरुवात केली. माझी बॅग सगळ्यांत खाली होती. ती उचलली तेव्हा खाली गादी दिसली, आणि गादीखाली शिसवी पलंग.

"हा कधी घेतला?" शैलाने विचारलं.

"माझ्या लग्नात आलाय," वहिनी म्हणाल्या.